जुनं घर मोडायच्या आधी



घरकुलाच्या यादीत नाव आलं की आपल्या वस्त्यांमध्ये एकच गोष्ट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस पहार घेऊन जुन्या घराला भिडतो. कवेलू उतरवतो, मेढी उपटतो, दाराची चौकट भावाला देऊन टाकतो. कुडाची भिंत तर दोन लाथांत आडवी. संध्याकाळपर्यंत जागा साफ होते आणि मग हप्ता येईपर्यंत सगळं कुटुंब प्लास्टिकच्या कागदाखाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती पहार आठ दिवस कोपऱ्यात उभी ठेवा. का ते सांगते.

माझ्या काकांचं घर डोंगरातल्या वावरात होतं. आज्याने बांधलेलं. सागाच्या मेढी, पऱ्हाट्यांचा कूड, खाली काळ्या दगडाचं जोतं. आधी पेरणी ते सुगी एवढंच तिथं राहायचे, नंतर बाराही महिने. वनहक्काचा दावा भरलेला होता, पण पट्टा हातात नव्हता, म्हणून घरकुल मंजूर झालं ते खाली गावातल्या जागेवर. काकांनी हिशोब केला की मेढी आणि कवेलू वर पडून कशाला राहतील? काकू नको म्हणत होती. "दिवा लागतोय तोवर जागा आपली" असं तिचं म्हणणं. कोणी ऐकलं नाही. दोन दिवसांत घर उतरवलं आणि बैलगाडीने खाली आणलं.

पुढच्या वर्षी स्थळपाहणीला माणसं आली. विचारलं, घर कुठंय? तिथं गुडघाभर गवत. कागदावर शेरा पडला की वास्तव्याचा पुरावा दिसून येत नाही, आणि वरच्या समितीत दावा नामंजूर झाला. पन्नास वर्षांचं राहणं आम्ही आमच्याच बैलगाडीत घालून खाली आणलं होतं.

हे फक्त काकांचं नाही म्हणून लिहिते आहे. वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 2008 चे. त्यातला 13 वा नियम पुराव्यांचा आहे. कार्यकर्त्यांनी तो पाठच करायला पाहिजे. त्यात मतदार ओळखपत्र आहे, रेशन कार्ड आहे, घरपट्टीची पावती आहे. आणि त्याच रांगेत, त्याच मानाने घर, झोपडी, जमिनीची सपाटी केलेली असेल ती, बांध घातलेले असतील ते, असं सगळं धरलेलं आहे. विहीर, मसणवट, देवाची जागा हेही आहे. म्हाताऱ्या माणसाचं लेखी उतरवलेलं निवेदन आहे. दाव्याला यातले कमीत कमी दोन पुरावे लागतात. म्हणजे ज्याच्याकडे एकही कागद नाही, त्याचं घर हा एक पुरावा आणि शेजारच्या म्हाताऱ्याचं निवेदन हा दुसरा. 2012 साली नियमांत सुधारणा झाली, तेव्हा असंही आलं की अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येणार नाही आणि उपग्रहाचा फोटो हा बाकीच्या पुराव्यांच्या जोडीला चालेल, त्यांच्या जागी नाही. वरून काढलेल्या फोटोत गवताचं छप्पर झाडाखाली दिसलं नाही म्हणून घर नव्हतं असं होत नाही.

आता कोणी म्हणेल, आपण इथले आहोत हे तर सगळ्या जगाला माहीत आहे. खरं आहे. कन्नडच्या घाटाला ज्या औट्रम साहेबाचं नाव पडलं, त्याने 1825 पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. सरकारच्या स्वतःच्या जुन्या कागदांत आपण पानोपानी आहोत. पण त्या कागदात तुमच्या वावराची हद्द नाही. ती तुमच्या जोत्यात आहे.

आणि धोका किती जवळ येऊ शकतो तेही आपण पाहिलंय. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने दावे नामंजूर झालेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला होता. 28 फेब्रुवारीला तो थांबवला. ते पंधरा दिवस ज्यांच्या घरात नामंजुरीचा कागद होता त्यांना विचारा कसे गेले.

म्हणून घर मोडायचंच असेल, तर आधी वनहक्क समितीला बोलवा. सगळी समिती नाही जमली तर चार-पाच जण, त्यात दोन बायका. टेप लावून घर मोजा, आतून-बाहेरून. जोत्याची लांबी, रुंदी, उंची लिहा. मेढी किती, कशाच्या. चूल कुठल्या बाजूला. घरापासून विहीर, महूचं झाड, देवाचा दगड किती पावलांवर. घर कोणी आणि कोणत्या साली बांधलं हे सांगणारी दोन म्हातारी माणसं जागेवर आणा आणि त्यांचं बोलणं तिथंच उतरवून अंगठा नाहीतर सही घ्या. साल सांगता येत नसेल तर दुष्काळ, लग्न, कोणाचा जन्म यावरून लावा. 1972 चा दुष्काळ आधी की घर आधी, हे कोणतीही म्हातारी सांगते. मोबाईलमध्ये फोटो काढा, घरासमोर घरातली माणसं उभी करून, मागे डोंगराची ओळखू येणारी कड दिसेल असे. हा पंचनामा ग्रामसभेत वाचून ठरावात घ्या आणि एक प्रत पंचायतीत देऊन पोच घ्या. पोच मिळत नाही, शिपाई हाकलतो, हे मला माहीत आहे. मग पोस्टाने रजिस्टर करा. पोस्टाची पावतीही कामाला येते.

आणि मोडलं तरी जोतं मोडू नका. लाकूड न्या, कवेलू न्या, दगड राहू द्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते, कारण यावरून आपल्यात भांडणं झाली आहेत. आपल्या दाव्यासाठी जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताब्यात पाहिजे. आज नवीन जागा धरून त्यावर झोपडी टाकली तर तो पुरावा होत नाही, उलट शेजारच्याचा खरा दावाही संशयात येतो. मी जुन्या जागेवरच्या जुन्या घराबद्दल बोलते आहे. ते टिकवा, दुरुस्त करा, त्याच जोत्यावर नीट करा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्या जागेवरून कोणाला काढता येत नाही, कलम 4 मधलं पोटकलम 5 तसं सांगतं. गौताळ्याच्या अभयारण्याच्या हद्दीत राहणाऱ्यांनाही हे लागू आहे, कायद्याने अभयारण्य वेगळं काढलेलं नाही. पण 2020 मध्ये राज्यपालांनी घरासाठी वनजमीन देण्याची जी अधिसूचना काढली ती अनुसूचित क्षेत्रासाठी होती. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्या अधिसूचनेचा कागद दाखवून इकडे कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

तर घर टिकवायचं कसं? आपल्या पोरांना मातीच्या घराची लाज वाटायला लागली आहे. मलाही वाटायची, बारावीला असताना मैत्रिणींना घरी न्यायचे नाही. मग एकदा लेण्यांवर एका अभ्यासकाच्या मागे मागे फिरले आणि त्याने भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं की ही चित्रं दगडावर नाहीत, मातीच्या गिलाव्यावर आहेत. चिखलात भाताचा कोंडा, गवत, झाडाचे तंतू मिसळून भिंतीला लिंपलेले, वरून चुन्याचा पातळ हात. म्हणजे माझी आजी करायची तेच. दीड हजार वर्षं झाली. 1819 साली इंग्रज साहेबाने ही लेणी शोधली असं पाटीवर लिहितात, जसं काही वाघोरा नदीच्या काठाने त्याआधी कोणी गुरं वळतच नव्हतं.

पण तीच लेणी हेही शिकवतात की मातीला कशाने मरण येतं. तिथं गिलावा पडला तो मुख्यतः पाण्याने आणि किडीने. 2016 साली पुरातत्त्व खात्याच्या एका रसायनतज्ज्ञाने वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं छापलं. त्यांचं म्हणणं असं की त्यामुळे वेरूळला कीड लागली नाही, अजिंठ्यात तो माल वापरला नव्हता म्हणून किडीने चित्रं खाल्ली. (भांग लावा असं मी सांगत नाही, उद्या पोलीस माझ्याच दारात येतील.) आपल्याकडे बांधाला अंबाडी असते. तिचा वाख बारीक तोडून चिखलात घाला, धरून ठेवायचं काम तो करतो. किडीसाठी कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी चिखलात वापरतात आमच्याकडे.

पाण्याचं मात्र दुसरं काही औषध नाही. छप्पर पुढे काढायचं आणि जोतं उंच करायचं. आमचे म्हातारे म्हणतात, घराला चांगली टोपी आणि चांगली चप्पल पाहिजे. जोतं दगडाचं, निदान दोन फूट. वळचण भिंतीच्या पुढे दोन-अडीच फूट. पागोळ्या पडतात तिथं चारी बाजूंनी खडी नाहीतर दगडगोटे पसरा, म्हणजे चिखल उडून भिंतीचा पाय भिजत नाही. त्याच्या बाहेरून हातभर चर, उताराकडे काढलेला. मी पाहिलेल्या पडक्या घरांपैकी बहुतेक खालच्या हातभर भागात खचलेली होती, वरची भिंत ठणठणीत.

पाया काळ्या मातीत थांबवू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घराला दरवर्षी एकदा उचलते आणि एकदा सोडते. मुरूम लागेपर्यंत खणा. भिंतीलाही नुसती काळी माती घेऊ नका. माती बघायची सोपी रीत आहे. ओली मळून अंगठ्याएवढी जाड वळी करा आणि तळहाताच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. दोन इंचांच्या आत तुटली तर वाळू जास्त. पाच-सहा इंच लोंबूनही तुटली नाही तर चिकण जास्त, तडे जाणार, त्यात नदीची वाळू नाहीतर बारीक मुरूम घाला. किती घालायचा हे मी सांगू शकत नाही, प्रत्येक शिवाराची माती वेगळी. भिंतीवर हातभर अंतराने तीन-चार ठिगळं वेगवेगळ्या प्रमाणाची लावून बघा, आठ दिवसांनी ज्याला तडा नाही ते धरा. चिखलात भुसा आणि शेण घालून आठ-दहा दिवस भिजू द्यायचं, रोज तुडवायचं. आंबट वास सुटला की माल तयार झाला.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, हे हात जोडून सांगते. आमच्या वस्तीत दोघांनी केला. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात सिमेंटला बारीक तडे गेले, पाणी आत शिरलं आणि बाहेर यायला वाट नाही. आतली माती ओली राहून सैल झाली. उन्हाळ्यात सिमेंटची पाटच्या पाट सुटून पडली, सोबत भिंतीचा पापुद्रा घेऊन. मातीला माती किंवा चुनाच धरतो.

बांबू हिवाळ्यात तोडायचा, तीन वर्षांच्या वरचा, कोवळा नाही. पावसाळ्यातला बांबू गोड असतो, घुण लगेच लागतो. तोडल्यावर दोन-तीन आठवडे नाल्याच्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनउपज आहे, त्यामुळे सामूहिक हक्क मंजूर झालेल्या गावाला त्यावर हक्क आहे. सागाचं तसं नाही, ते इमारती लाकूड. मेढी बदलायच्या असतील तर जुन्या घरांच्या विकत घ्या आणि पावती ठेवा, नाहीतर नाक्यावर अडकाल. मेढीचं जमिनीत जाणारं टोक विस्तवावर काळं होईपर्यंत भाजा. त्याहून बरं म्हणजे मेढ पुरूच नका, चांगल्या सपाट दगडावर उभी करा. वाळवी लाकडात शिरण्याआधी दगडावरून मातीची नळी बांधत वर चढते, ती डोळ्याला दिसते. झाडताना दिसली की तेव्हाच मोडा आणि कुठून येते ते शोधा.

धुराबद्दल जुने लोक म्हणतात की चुलीच्या धुराने वासे टिकतात. टिकतात, खरंच. पण बायकांचे डोळे आणि छाती जाते. वाशांची काळजी बाकी माणसांनी हाताने घ्यावी, चुलीला धुराडं करावं. वर्षातून दोनदा शिडी लावून आढं आणि वासे टोकरून बघणं एवढं काही जड काम नाही.

पत्रे टाकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो तो कडेपासून. पहिली आणि शेवटची ओळ जास्त बोल्टांनी धरा. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पन्हाळीत नाही, आणि खाली रबराचा वायसर. पत्र्यावर दगड ठेवून घर धरता येत नाही, वारा आला तर तोच दगड पोराच्या डोक्यात.

आता एक खरा आक्षेप. मातीचं घर म्हटलं की मराठवाड्यात माणसाच्या डोळ्यापुढे किल्लारी येते. 30 सप्टेंबर 1993, पहाटे. हजारो माणसं झोपेत गेली. ते विसरून मातीची बाजू मांडणं खोटेपणा होईल. पण काय पडलं ते बघा. गोल दगड मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला, आणि वर धाब्यावर वर्षानुवर्षं चढवलेली हात-दीड हात माती. माणसं त्या ओझ्याखाली गेली. ज्या घरांचं छप्पर लाकडी खांबांवर होतं, तिथं भिंत बाहेर पडली तरी छप्पर उभं राहिल्याची उदाहरणं आहेत. आपलं कुडाचं घर मुळातच हलकं आणि मेढींवर उभं असतं. तेव्हा धाब्यावर दरवर्षी माती वाढवू नका, आधी जुनी खरवडून काढा. दगडी भिंत घालणाऱ्यांनी दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावा. कोपऱ्यात दगड एक आड एक गुंतवावा. गवंड्याला हे माहीत असतं, उभं राहून करून घ्यावं लागतं.

घरकुल घेऊ नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. हक्काचं आहे, घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत ठरलेली मूळ रक्कम 1 लाख 20 हजार, शिवाय रोजगार हमीतून स्वतःच्याच घरावर 90 दिवसांची मजुरी आणि संडासाचे 12 हजार. शबरी योजनाही आपल्यासाठीच आहे. मजुरीचे पैसे लोक मागतच नाहीत, हजेरीपट निघत नाही आणि ते कुठं जातात कोण जाणे. योजनेच्या नियमात ठेकेदाराला जागा नाही, घर ज्याचं त्यानेच बांधायचं आहे. तरी पहिला हप्ता पडला की पांढऱ्या कपड्यातला कोणीतरी वस्तीत येतो आणि "सगळं माझ्यावर सोडा" म्हणतो. सोडू नका. कमीत कमी 25 चौरस मीटर, म्हणजे 269 फुटांची खोली बांधायची आहे. जोतं आणि दगडकाम आपल्यातली माणसं त्या ठेकेदारापेक्षा चांगलं करतात, ज्यांची पोरं ऊसतोडीला आणि बांधकामावर जातात त्यांना विचारा.

आणि वरचं घर असेल तर तेही राहू द्या. एका कुटुंबाला गावात एक आणि वावरात एक घर असलं तर बिघडलं कुठं? पाटलाचा वाडा गावात आणि आखाडा मळ्यात असतोच की, त्याला कोणी विचारत नाही की तू नेमका कुठं राहतोस.

वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो, कलम 4 मध्ये तसं लिहिलेलं आहे. मग घराचा पंचनामा करताना बाईला चहा करायला आत पाठवू नका. सारवण तिने केलेलं, भिंत तिने लिंपलेली, कोणता कोपरा कोणत्या साली पडला आणि कधी उभा केला हे तिलाच माहीत असतं. काकूचं ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

काकांच्या दाव्याचं पुढे असं झालं. नामंजुरीचं कारण लेखी मागितलं, ते देणं समितीला बंधनकारक आहे. ते मिळालं तेव्हापासून 60 दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे अपील टाकलं. मग आम्ही वर जाऊन गवत काढलं. मेढी गेल्या होत्या, पण जोत्याचा खालचा थर जागेवर होता, तीन बाजू पूर्ण, चौथी अर्धी. चुलीचे दोन दगड काळे होते अजून. आजीला जिथं पुरलं ती जागा चाळीस पावलांवर. सगळं मोजलं, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं निवेदन घेतलं, अपिलाला जोडलं. निकाल अजून नाही. काकू दर पंधरा दिवसांनी वर जाते, जोत्यावरचं गवत उपटते आणि शेणाने सारवून येते.

जोत्याचं आणि वळचणीचं चित्र काढून देणार होते, पण स्टेन्सिलवर रेघा फुटतात म्हणून शब्दांतच लिहिलं. आखाजी ते मृग एवढाच वेळ आपल्याला डागडुजीला मिळतो. या आखाजीनंतर आमच्या वस्तीतली घरं मोजायला सुरुवात करतोय. शंभर फुटी टेप आमच्याकडे आहे. ज्या वस्तीला पाहिजे त्यांनी बाजाराच्या दिवशी निरोप द्या, आणि नेली की परत आणा, मागची टेप अजून आलेली नाही.